नानांच्या मांडीवरची पिशवी

आई,

लोक अजून मला विचारतात, सायकलवरून लांब जायचं तर सामान कशात घ्यावं. ठाण्यात आता सायकली पुष्कळ झाल्या आणि मी त्यातला जुना जाणता समजला जातो. चामड्याच्या थैल्या बऱ्या की शिडाच्या कापडाच्या, त्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लावाव्यात की पुढे मुठींना बांधाव्यात, की सरळ मागे एक छोटी गाडी जोडावी, असं काय काय विचारतात. मीही पंतोजीसारखा सांगत बसतो. पण हे सगळं मी शिकलो कुठे, ते कोणाला सांगत नाही. तुला मात्र सांगावं असं फार वर्षं मनात आहे. त्या प्रवासात तू होतीस, पण तुला त्यातलं काही दिसलं नसणार.

माझ्या सायकलीचा तुला मनापासून राग होता. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून मी ती घेतली आणि ओटीवर आणून उभी केली, तेव्हा तू चुलीपुढून उठलीसुद्धा नाहीस. तिथूनच म्हणालीस, "त्या चामड्यावर बसून आलायस ना? मग तसाच आत येऊ नकोस. आधी पाय धू, धोतर बदल." बैठकीचं कातडं कुठल्या जनावराचं, हे मला ठाऊक नव्हतं आणि तुला ठाऊक करून घ्यायचंच नव्हतं. रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की मी धोतर बदलून उंबऱ्याशी येतो आहे, तू तव्यावरची भाकरी उलटते आहेस आणि मान वर न करता विचारते आहेस, "आज पडला नाहीस ना?" तुला राग थोडा होता आणि भीतीच जास्त होती. हे मला तेव्हाही कळत होतं, पण मी तुला चिडवायची संधी सोडत नसे.

तू दम्याने गेलीस, पण दिवस प्लेगचे होते. दहावं-तेरावं घरच्या घरी उरकलं. अस्थी नाशिकला गोदावरीत सोडायच्या, हे नानांनी ठरवूनच टाकलं होतं. अडचण आगगाडीची होती. त्या दिवसांत कल्याण स्टेशनात उतारूंना खाली उतरवून तपासत, बोचकी सोडायला लावत, कपडे वाफेत घालत. नाना हे कोणाकडून तरी ऐकून आले आणि ओटीवर बसून राहिले. "तिचं गाठोडं परक्या माणसाने सोडायचं नाही," एवढंच म्हणाले. बैलगाडीवाले ठाण्याची माणसं गाडीत घ्यायला तयार नव्हते. आणि तू परसातल्या जांभळीला टांगलेली. अस्थी घरात आणायच्या नाहीत, जमिनीला टेकवायच्या नाहीत, म्हणून पांढऱ्या फडक्यात बांधलेलं ते लहानसं मडकं फांदीवर. वारा सुटला की ते हलायचं आणि नाना हातातलं काम टाकून परसात जायचे. मला ते बघवेना. एक दिवस मी म्हटलं, "नाना, सडकेने मी नेतो. सायकलवरून."

"त्या यंत्रावर? तिला?"

"दुसरा मार्ग सांगा, तसा नेतो."

दुसरा मार्ग नव्हता. मग सुरू झाला तुला ठेवायच्या जागेचा शोध. साहेबाच्या सायकलीबरोबर मागच्या चाकाला अडकवायच्या दोन थैल्या आल्या होत्या, भक्कम, पितळी बकलांच्या. नानांनी त्या दुरूनच पाहिल्या. "जन्मभर सोवळं पाळलं तिने. आता चामड्यात घालणार?" बरं. मी बंदरावरून शिडाचं कापड आणून तशाच दोन थैल्या शिवून घेतल्या. सायकलीला दोन्ही अंगांचं ओझं सारखं लागतं, नाहीतर ती एकीकडे ओढते, हे मी नानांना समजावायला गेलो आणि तिथेच फसलो. "म्हणजे एका बाजूला ती. आणि तिच्या तोलाला दुसऱ्या बाजूला काय? तुझे जोडे?" मला हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. मग सांगाड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत बसेल अशी पिशवी बांधली. जड वस्तूला ती जागा उत्तम, सायकल डगमगत नाही. नानांनी मला अंगणात एक चक्कर मारायला लावली आणि तुळशीपाशी थांबवलं. "पाय लागतोय." मी म्हटलं, "कोणाला?" तर म्हणाले, "कोणाला काय? प्रत्येक फेऱ्याला तुझा गुडघा आईला लागतोय." नाशिकपर्यंत आईला लाथा मारत जाणारा मुलगा त्यांना नको होता. पुढे मुठींना टांगावं तर खड्ड्यात हिसके बसून मडकं फुटायची धास्ती. पाठीवर बांधावं तर माझा घाम लागणार. अशी एकेक जागा बाद होत गेली.

शेवटी मला मागच्या गाडीची कल्पना सुचली. सुताराला गाठलं. एका बंगल्यातली मोडकी बाबागाडी त्याच्याकडे पडलेली होती, तिची दोन चाकं घेतली, वर वेताची बैठक बसवली आणि लोहाराकडून एक आकडा करवून ती माझ्या बैठकीखालच्या दांड्याला जोडली. तांदळाचं पोतं ठेवून मासुंदा तलावाभोवती फेरी मारली, तर पहिल्याच वळणावर गाडी उलटली आणि काठावरच्या रिकामटेकड्यांची छान करमणूक झाली. बैठक चाकांच्या वर होती, ती चाकांच्या मधे खाली घेतली, तेव्हा गाडी शहाण्यासारखी मागे येऊ लागली. घरी आणली. नाना तिच्याभोवती फिरले, चाक हलवून बघितलं आणि वेताच्या बैठकीवर जाऊन बसले. पाय पोटाशी घेतले, हात मांडीवर ठेवले. मी वाट बघतो आहे की आता उठतील, मग उठतील. ते उठेनात.

"नाना, गाडी आईसाठी आहे."

"हो. मग तिला धरायला कोणी नको?"

अंगाने ते पहिल्यापासून किडकिडीत, तू गेल्यावर आणखी वाळले होते. तरी एक अख्खा माणूस सायकलीमागे ओढायचा म्हणजे माझी चांगलीच परीक्षा होती. पण तिथून त्यांना उठवायची माझी हिंमत झाली नाही.

पिशवी त्यांनी स्वतः शिवली. सोवळ्यात नेसायची तुझी लोकरीची धाबळी त्यांनी काढली, कारण लोकरीला विटाळ नाही. त्या दिवशी मी कचेरीतून आलो तर नाना स्वयंपाकघरात तुझ्या पाटावर बसलेले, भोवती डबे, कोनाडे सगळं उपसलेलं. "घरात सुई कुठे असते रे?" इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना ते विचारायची वेळ आली नव्हती. मलाही ठाऊक नव्हतं. शेवटी ती तुझ्या फणी-कुंकवाच्या फणेरपेटीत सापडली, दोरा ओवलेली. मी शिंप्याकडे नेतो म्हटलं तर ऐकेनात. टाके असे काही पडले होते की तू पाहिले असतेस तर सगळे उसवून परत घातले असतेस. पण ती पिशवी मजबूत होती, आणि आत तुला धक्का लागू नये म्हणून त्यांनी कापूस भरला होता.

आम्ही सकाळीच निघालो. मी पुढे, मागे माझ्याकडे पाठ करून नाना, त्यांच्या मांडीवर तू. कळव्याच्या पुलावर लोक थांबून बघत होते. शीळच्या फाट्यावर एका शिपायाने अडवलं. माझी वळकटी बघितली आणि नानांच्या मांडीकडे बोट करून म्हणाला, "यात काय हाय?"

नानांनी पिशवीवरचा हात काढला नाही. "आमचं कुटुंब आहे."

शिपायाने त्यांचं मुंडण केलेलं डोकं पाहिलं, पिशवी पाहिली. मग पायातल्या वहाणा काढून बाजूला झाला. "जावा बाबा, जावा. बिगीबिगी जावा, ऊन व्हतंय." माझा जीव भांड्यात पडला. इतके दिवस ज्याची धास्ती होती ते टळलं होतं.

आता जे सांगायचं ते पुढचं. नाना तुझ्याशी चारचौघांत कधी बोलले नाहीत. तशी रीतच होती. तू दाराआड उभी असलीस तरी ते मला सांगत, "तुझ्या आईला विचार, पाणी तापलं का," आणि तू मला सांगायचीस, "तापलंय म्हणावं." तुम्ही दोघं एकमेकांशी सरळ बोलताना मी ऐकलंच नव्हतं. शीळ मागे पडलं आणि डोंबिवलीकडची भातशेतं लागली तेव्हा नानांनी मागून ओरडून विचारलं, "काय रे, तिथे पुढे माझं बोलणं ऐकू येतं का?"

मी म्हटलं, "नाही हो. चाकांचा खडखडाटच इतका आहे."

मग हळूच म्हणाले, "ऐकलंस का, हे सगळं भाताचं रान. आपल्याकडे तांदूळ येतो तो इथला." मी मान वळवली नाही. सुरुवातीला त्यांचं असंच चाललं, हे गाव कुठलं, ते देऊळ कुठलं. विठ्ठलवाडीला म्हणाले, "लग्न होऊन आलीस तेव्हा मुंब्र्याच्या देवीला जाऊ म्हणाली होतीस. आज डोंगराखालून आलो, पण बोललो नाही. वाईट वाटलं असेल तुला." कल्याणात तळ्याकाठी जेवायला थांबलो, तुला झाडाला टांगलं, तर तिथे मी समोर होतो म्हणून अवाक्षर नाही. परत गाडीत बसले आणि आंबिवलीच्या पुढे, सडक मोकळी लागल्यावर म्हणाले, "तुझी आमटी फार चांगली होत असे. मी कधी म्हटलं नाही. म्हणायचं असतं हे मला कोणी सांगितलं नाही."

कसाऱ्याला घाट लागला. तिथे मी गाडी ढकलत चालवली आणि नाना तुला दोन्ही हातांनी धरून पुढे चालत होते. मी मुद्दाम मागे राहिलो. नाशिकला रामकुंडावर भटजी, इतर माणसं, गर्दी. तिथे ते तुझ्याशी काही बोलले नाहीत. पाण्यात उतरले, पिशवीचे टाके स्वतः उसवले, मडकं फोडलं आणि तुला सोडलं. वर आले तेव्हा रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून मी माझा पंचा पिळायला त्यांच्या हातात दिला.

पुढे काही वर्षांनी तेही गेले. मला सगळं ऐकू येत होतं, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. आणि हे पत्र कुठल्याच टपालाने जायचं नाही, तेव्हा तुला एवढंच सांगून ठेवतो. नाना एक वाक्य बोलत आणि मग गप्प राहत, तुझं उत्तर ऐकल्यासारखे. बराच वेळ गप्प राहत. तेव्हा चाकं वाजू नयेत म्हणून मीही पाय थांबवत असे, आणि कान मागे लावून बसत असे.