समोरच्यासारखं बसा

३ ऑगस्ट

विक्री विभागातली बरी चाललेली नोकरी सोडून मी विद्यापीठात शिकवायला का आले? फोनवर बाबांनी तेच विचारलं आणि वर हसत म्हणाले, आजवर माल विकलास, आता अक्कल विकणार का? पण घरातली पहिली पदवी माझी. एव्हाना शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून झालं असेल त्यांचं. मला स्वतःचं डोकं चालवायला एका बाईंनी शिकवलं. कुणासाठी तरी तेवढं मला करायचं आहे.

खोली छान आहे. टेबल खिडकीला लागून, भिंतीवर आधीच्या कुणाच्या चिकटपट्टीचे डाग. वर्ग लांबट, बाक पायऱ्यांसारखे चढत गेलेले.

६ ऑगस्ट

पोरं तोंड उघडत नाहीत. काही विचारलं की वहीत बघतात. विभागप्रमुख म्हणाले, भिंतीला शिकवतोय असं समजा मॅडम, त्रास होत नाही. मला नाही तसं समजायचं. पुढच्या बाकावरची एक मुलगी तेवढी तास संपल्यावर थांबली. तीही घरातली पहिलीच. विचारायचं खूप असतं, पण आवाज फुटत नाही म्हणाली. तिचे अण्णा तिला रोज बजावतात, तिथे गप्प बसायला नाही पाठवलं तुला.

१० ऑगस्ट

आज कंपनीतला धडा काढला. नव्या विक्रेत्यांना मी हाच शिकवायचे: गिऱ्हाईक बसेल तसं बसा, त्याच्या चालीने बोला. हळूहळू तुम्ही त्याला आपले वाटू लागता. मग तुम्ही मुद्दाम हात हलवायचा. त्यानेही हलवला की समजा, लगाम तुमच्या हातात आला.

मुलांना म्हटलं, गिऱ्हाईक मी, करा माझी नक्कल. वर्ग हसून हसून लोटपोट. चष्मा वर सारायची माझी लकब त्या मुलीने अशी उचलली की मीच लाजले. आज पहिल्यांदा सगळे बोलले!

१४ ऑगस्ट

खेळ संपला असं मी सांगितलं होतं. तरी आज सगळा वर्ग मान किंचित तिरकी करून बसला होता. मी बसते तशी. वात्रटपणा असेल. मी रागावले, तर तेही रागावले. आवाज न करता, नुसते ओठ हलवून.

१९ ऑगस्ट

त्या मुलीचे वडील आले होते. बसा म्हटलं तरी उभेच राहिले. जन्मापासून मला अण्णा म्हणणारी पोर आता बाबा म्हणते, म्हणाले. दादा कसा आहे विचारते. मॅडम, आम्हाला एकच लेकरू आहे हो.

दादा माझा आहे. त्याच्याबद्दल वर्गात मी कधीच बोललेले नाही.

हे खूळ तुम्हीच शिकवलंत ना, तुम्हीच काढा, म्हणाले. पोर तुम्हाला परत मिळेल, असं मी वचन दिलं.

२१ ऑगस्ट

आज हलायचंच नाही ठरवून उभी राहिले. उचलायला काही मिळालंच नाही तर सुटतील. तेही तसेच, पुतळे.

मग मुलीने चष्मा वर सारला. तिला चष्मा नाही. रिकामं बोट नाकावर.

माझं बोट वर गेलं. मी पाठवलं नव्हतं —

गिऱ्हाईक मी. मीच म्हटलं होतं.

२४ ऑगस्ट

घरी फोन केला. बाबा म्हणाले, अगं सकाळीच तर बोललीस, किती ते फोन! मी केला नव्हता.

खूश आहेत. हल्ली आवाज कसा मोकळा झालाय तुझा, म्हणाले —

२५ ऑगस्ट

पळून जाता येईल. पण मग ती पोर — तो माणूस कसा उभा होता समोर. वचन दिलंय.

वर्गात मी तिला म्हणाले, मी आहे ना, बाकीच्यांना सोड. तिने मान हलवली. माझ्या आधी की नंतर, कळलं नाही.

२६ ऑगस्ट

खडू तिच्या हातात दिला. तिच्या जागी बसले आहे, पुढच्या बाकावर.

मागे मुलं खोकतायत, कुजबुजतायत, कुणी हसलं. आपापलं, वेगवेगळं. सुटली.

दारात तिचे वडील. माझ्याकडे बघितलं — माझ्या तोंडून अण्णा निघालं, आपसूक. त्यांचे डोळे भरून आले. चल पोरी घरी, मला म्हणाले.

फळ्यापाशी ती थांबली आहे. वही मिटतेय. मीही —