पौडच्या शाळेमागचं गाणं

पुणे, ९ सप्टेंबर १९७९

सौ. अनुसयावहिनीस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

दादाचा खोकला गेला का? बहीण नर्स असताना तो अजून आल्याचे काढे पीत बसतो, याचा मला फार राग येतो, असं त्याला सांग.

आता मुद्द्याचं. गेल्या साली वीटभट्टीवरची फुलाबाई आमच्या वॉर्डात बाळंत झाली होती, ती आपल्याच पौडच्या वरच्या वाडीतली. तिची नऊ वर्षांची गंगू खाटेखाली झोपायची, बाळाला सांभाळायची आणि भिंतीवरच्या पाट्या मोठमोठ्यानं वाचायची. आमच्या मेट्रनबाई केरळच्या, मराठी अजून मोडकंतोडकं, पण त्या पोरीचा त्यांना लळा लागला. ती तुझ्याच शाळेतली निघाली. दर दिवाळीनंतर ती आईबरोबर भट्टीवर जाते आणि उन्हाळ्यात आखितीच्या सणाला परत येते तेव्हा सगळं विसरलेली असते, हे तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. तेव्हापासून त्यांना चैन नाही.

मेट्रनबाई पूर्वी मनिलाला दोन वर्षं शिकायला होत्या. तिथं जपान, ब्रह्मदेश, सिलोन अशा देशोदेशींच्या नर्सेस एकत्र गायच्या. ती गाणी त्यांनी आम्हा तेवीस जणींना शिकवली आहेत. चार जथे चार सुरांत एकाच वेळी वेगवेगळं म्हणतात आणि तरी भांडण वाटत नाही! आपल्या घरात हे कधी जमलं नाही. मी शब्द देवनागरीत लिहून घोकते. खोलीतली मैत्रीण म्हणते, मी झोपेत ब्रह्मी बोलते.

तर रविवारी, १४ ऑक्टोबरला, पौडच्या शाळेच्या पटांगणात आमचा कार्यक्रम करायचा. भट्टीवर जाणाऱ्या बायकांच्या मुलींना सहा महिने राहायला दादानं गोदामाची खोली मिळवलीच आहे. तिला धान्य, भांडी, पांघरुणं हवीत, ती यातून उभी राहतील. मेट्रनबाईंची अट एकच, त्या बायकांनीही गायचं. त्यांना नुसतं समोर बसवलं तर ती भीक होईल, असं त्या म्हणाल्या. जमेल का गं?

लोभ आहेच, त्यात वाढ होऊ दे.
तुझी नणंद,
रत्ना

*

पौड, १४ सप्टेंबर १९७९

चि. रत्नास अ. उ. आ.

जमेल का म्हणून काय विचारता वन्सं? अगं, फुलाबाई भातलावणीला उतरली की तिचं गाणं नदीपलीकडं ऐकू जातं. तुमच्या जपानी गाण्यांची बोबडी वळेल, बघत राहा!

तिकीट मी ठरवलं, माणशी एक पायली तांदूळ. पुण्याच्या पाहुण्यांनी चादर नाहीतर ताट आणावं. तुझे दादा म्हणाले, असलं तिकीट कुणी ऐकलंय का. मी म्हटलं, आता ऐका.

फुलाबाई मात्र पक्की आहे. धान्याच्या कणग्या भरलेल्या स्वतःच्या डोळ्यांनी बघीन, पोरींजवळ रात्री कोण निजतंय ते बघीन, मगच गंगूला ठेवीन, न्हाईतर मुकादमाचा ट्रक आला की गंगू ट्रकात, असं तिनं तोंडावर सांगितलं. मला तिचा राग नाही आला. मी असते तर हेच म्हटलं असतं. निजायला गावातली म्हातारी धोंडाबाई तयार आहे. एकटा जीव, तिलाही सोबत होईल. गंगूला मात्र अजून काही बोललेले नाही. रोज शाळा सुटली तरी पाटी घेऊन माझ्या ओट्यावर बसते, काय ते समजून घे.

गाणं घोकताना औषधांच्या बाटल्या अदलाबदल करू नकोस. लोभ ठेवशीलच, न ठेवून जातेस कुठं?
तुझी वहिनी,
अनुसया

*

पौड, ३ ऑक्टोबर १९७९

चि. रत्नास अ. उ. आ.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. माझं तोंड काळं झालं.

काल तालीम घेतली. तुम्ही पांढऱ्या साड्यांत गाणार, म्हणून मी गल्लीतून मागून आणून भट्टीवर जाणाऱ्या पंधराही जणींना पांढऱ्या साड्या नेसवल्या, डोक्यात अबोली माळली, हात जोडून शाळेच्या ओट्यावर एका ओळीत उभं केलं. एकीच्याही तोंडातून आवाज फुटेना! मी टाळ्या वाजवल्या, सूर धरून दिला, काही नाही. कुंपणापलीकडं पोरं फिदीफिदी हसायला लागली. मला झाली घाई, मी सगळ्यांसमोर फुलाबाईवर ओरडले.

ती आत गेली, साडी सोडून घडी घालून माझ्या हातात दिली. म्हणाली, हात मोकळं ठिवून कुणी गाणं म्हंतंय व्हय, हातात काम असलं की गाणं आपसूक येतंय, हितं उगं भिकाऱ्यावानी हुबं केलंस. मग गंगूची पाटी माझ्या ओट्यावर ठेवली, पोरीचा दंड धरला आणि चालती झाली. पोर वळून वळून पाटीकडं बघत होती.

आता गंगू ट्रकात चढणार आणि ती माझ्यामुळं चढणार. मेट्रनबाईंना काय सांगायचं ते तूच सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी वहिनी,
अनुसया

*

पुणे, ७ ऑक्टोबर १९७९

सौ. वहिनीस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

मेट्रनबाई रागावल्या नाहीत, खो खो हसल्या. म्हणाल्या, आपली निम्मी गाणी भातलावणीची आहेत आणि आपल्यातल्या एकीलाही रोप कुठल्या हातात धरतात ते ठाऊक नाही, फुलाबाईचंच खरं आहे. कार्यक्रम होणारच. गाणं राहू दे, तू आधी वाडीवर जाऊन माफी माग. तुला ते जड जाईल, पण जा.

आणि ऐक माझं नशीब. वॉर्डात त्या दिवशी एकीनं तरी थांबायलाच हवं. चिठ्ठ्या टाकल्या, माझीच निघाली! बावीस जणी पौडला येणार आणि जिचं घर पौडला, ती इथं थर्मामीटर झटकत बसणार. मी संडासात जाऊन रडले. आता एवढं कर, झालेलं सगळं एक अक्षर न गाळता लिही.

लोभ आहे, म्हणूनच हक्कानं सांगते.
रत्ना

*

पौड, १६ ऑक्टोबर १९७९

चि. रत्नास अ. उ. आ.

बस निवांत. ड्यूटीवर असशील तर पत्र मिट.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वाडी चढून गेले. फुलाबाई सुपानं धान्य पाखडत होती. चुकलं माझं, म्हटलं. तिनं वर बघितलं नाही. मग मी खरी अडचण सांगितली. आमच्या दीडशहाण्या तिकिटाचं असं झालं की लोकांनी ते आधीच आणून टाकलं, पण तांदूळ आणलाच नाही, नुकतं झोडलेलं, लवकर येणारं हळवं भात आणलं, तुसासकट! ताम्हिणीकडून तर एसटीच्या टपावर पोती आली. इकडं चार दिवस वीज नाही, गिरणी बंद. पाहुण्यांना जेवू काय घालायचं? गायला नको, पण कांडायला येतेस का, असं विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं. कांडायचं व्हय, मग येते की, एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली. दुपारी शाळेमागं सहा उखळं मांडली, पंधरा जणी आपापली मुसळं घेऊन आल्या. पुढं पटांगण माणसांनी फुललेलं. सरपंच कुशाबांनी भाषण ताणता ताणता ताणलं. मग तुझ्या मैत्रिणी उभ्या राहिल्या आणि गं बाई, काय त्या गायल्या! एक शब्द कळला नाही आणि अंगावर काटा आला.

तिसरं जपानी गाणं संपलं. टाळ्या थांबल्या आणि शाळेमागून धुम धुम मुसळं ऐकू आली, आणि त्यावर फुलाबाईचा आवाज, मोकळा, खणखणीत. बाकीच्यांनी उचलून धरला. बायका आपल्या कामात दंग, कुणी ऐकतंय याचा पत्ताच नाही. सगळ्या सभेनं माना वळवल्या. मग उठलीच! कुशाबा स्वतःची खुर्ची उचलून शाळेमागं धावले.

मला वाटलं, मेट्रनबाईंचा अपमान झाला. पण त्यांनी चपला काढल्या आणि ओट्यावरून उडी मारली. मागोमाग बावीस जणी. फुलाबाई दचकली, गाणं थांबलं. मेट्रनबाईंनी एक मुसळ उचललं आणि उखळाच्या काठावर असं हाणलं की भात चौफेर उडालं. झालं! सून समजून फुलाबाईनं त्यांना जे फैलावर घेतलं, मुसळ कसं धरायचं, पाय कुठं ठेवायचा. मेट्रनबाई व्हय व्हय म्हणत शिकल्या. ताल बसला तशी फुलाबाई पुन्हा गायला लागली. तुझ्या मैत्रिणींनी चार जथ्यांत खालून नुसता सूर धरला आणि त्यावर आमची फुलाबाई. रत्ना, मी रडले. लाजत नाही सांगायला. तुमच्या कडक इस्त्रीच्या साड्यांचा कोंड्यानं सत्यानाश झाला, तेवढं धोब्याला सांभाळून घ्यायला सांग.

जेवणं झाल्यावर फुलाबाई खोलीत गेली. एकेका कणगीत कोपरापर्यंत हात घालून बघितला. चादरी चाचपल्या. धोंडाबाईला तू घोरतीस का म्हणून विचारलं. ती म्हणाली, जन्मात नाही. मग फुलाबाई माझ्या ओट्यावर आली, पाटी घेतली, पदरानं पुसली आणि गंगूच्या हातात दिली.

आता तरी माझं तोंड उजळ झालं असं लिहून पाठव. ममता कायम राहो.
तुझी वहिनी,
अनुसया

*

पौड, १ नोव्हेंबर १९७९

चि. रत्नास अ. उ. आ.

ट्रक जाऊन आठवडा झाला. गंगू खाली उभी राहिली. रडली नाही, मीच रडले. आठ पोरी खोलीत आहेत.

सोबत गंगूचं आईला पत्र आहे. भट्टी मुंढव्याच्या अंगाला आहे, पण तिथं तिला वाचून कोण दाखवणार? तुझ्या सुट्टीच्या दिवशी जाशील ना?

भेटीची आस आहे.
अनुसया

(सोबतचा कागद)

आई, मी बरी हाय. भात पोटभर असतो. धोंडाआजी लई घोरते. बाळाला पाण्याकडं सोडू नको. पाढे बारापर्यंत आले. तू काय म्हणतेस ते सांग. गंगू.

*

पुणे, १८ नोव्हेंबर १९७९

सौ. वहिनीस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं तोंड उजळ, कपाळ उजळ, सगळं उजळ. झालं समाधान?

आज भट्टीवर गेले. फुलाबाई चिखलात उभी होती. मला बघून बाहेर आली, हात धुतले, पदर घेतला, समोर बसली. मी पत्र तीनदा वाचलं. घोरण्यावर ती इतकी हसली की आजूबाजूच्या बायका धावत आल्या. मग मी कागद काढला आणि म्हटलं, सांगा, गंगूला काय लिहू? आणि वहिनी, तिच्या तोंडाला कुलूप! मांडीवर हात ठेवून बसली, ओठ हलवले, डोळे भरले, पण शब्द येईना. बरी हाय म्हून लिवा, एवढंच कसंबसं म्हणाली. मुकादम हाका मारत होता, ती उठून साच्याकडं गेली.

मला तुझं ऑक्टोबरातलं पत्र आठवलं. मी गेले नाही, तिथंच चिखलाच्या काठावर बसून राहिले. तिनं गोळा उचलला, साच्यात थापला, दुसरा उचलला, आणि पाचव्या-सहाव्या विटेला उत्तर आलं. मी भराभरा उतरून घेतलं.

ईट थापीते बाई मी, चिखुल कोपरापातर
लेक माजी पौडामंदी, गिरवी पाटीवं अक्षर

नको मोजू दिसराती, नको भ्याऊ माज्या बाई
आखितीच्या सणाला गं, दारी हुबी तुजी आई

गंगूला हे कागदावरून वाचून दाखवू नकोस. आधी पोरींना घेऊन शाळेमागं जा, उखळात चार मुठी भात टाक, तिच्या हातात मुसळ दे आणि मग म्हण. चाल तुला ठाऊकच आहे. मला नव्हती, आज कळली.

दोघांची माया अशीच राहू दे.
तुझी,
रत्ना