क्वीनीच्या शेपटीतली जागा

लिंकनशर, फेब्रुवारी १९४४

प्रिय एडना,

हे पत्र टपालात टाकत नाही. माझ्याबरोबर स्वयंपाकघरात राबणारी ग्वेन रजेवर ओल्डहॅमलाच येते आहे, ती तुझ्या हातात देईल. आईसमोर उघडू नकोस. तिनं विचारलंच तर सांग की हिल्डाला रजा नाकारली, म्हणून तिनं लिहिलंय. तेही खरंच आहे.

क्लिफर्ड गेल्याची तार तुम्हाला मंगळवारीच मिळाली, आणि शुक्रवारच्या गाडीनं त्याची शवपेटी घरी येते आहे हेही कळलं असेल. गल्लीतल्या बायका आईला म्हणत असतील, तुझा पोरगा निदान घरी तरी येतोय. त्यांचं काय चुकलं? इथली बहुतेक पोरं नुसती 'बेपत्ता' होतात आणि त्यांच्या आया वर्षभर दाराकडे डोळे लावून बसतात. आपला भाऊ परत आला तो क्वीनीमुळे. तू म्हणशील, भाऊ गेला आणि ही बया विमानाची कहाणी सांगत बसलीय. पण मला दुसरीकडून सुरुवातच करता येत नाही गं.

क्वीनी आमच्या हवाई तळावर आली गेल्या जूनमध्ये, कारखान्यातून कोरी करकरीत. आम्ही पोरी खिडकीला चिकटून बघत होतो. चार इंजिनांचं ते धूड उतरलं आणि आतून निघाली एक ठेंगणी बाई. एकटीनं ते उडवत आणलं होतं आणि आल्या आल्या म्हणाली, "चहा आहे का कुणाकडे?" इथं प्रत्येक बॉम्बरला एक अक्षर असतं. हिचं क्यू, म्हणून क्वीनी. तिची देखभाल म्हाताऱ्या बूथकडे आली. तो वैमानिकांना तोंडावर सांगायचा, "विमान माझं आहे. तुम्हाला रात्रीपुरतं वापरायला देतोय. जसं नेलं तसं आणून द्यायचं." प्रत्येक मोहिमेनंतर तो तिच्या नाकाडावर एक पिवळा बॉम्ब रंगवायचा आणि इटलीला जाऊन आली की आइस्क्रीमचा कोन.

तिच्यावरचे पहिले सातजण कॅनडाचे. त्यांच्या ठरलेल्या तीस मोहिमा पुऱ्या झाल्या, सगळे धडधाकट सुटले आणि बूथला खांद्यावर घेऊन दारूच्या गुत्त्यात गेले. मग दुसरे सात आले. क्वीनीचं एक इंजिन बदलायला काढलं होतं, म्हणून त्यांना एका रात्रीपुरतं दुसरं विमान दिलं. ते आलंच नाही. सकाळी त्यांचे बिछाने गुंडाळले आणि संध्याकाळी नवे सातजण विचारत होते, बूट कुठे ठेवायचे. तेव्हापासून क्वीनीचं नाव झालं. तिच्यात बसला तो माघारी येतो, असं सगळे बोलायला लागले. आपला क्लिफर्ड बदलून याच तळावर आला आणि त्याच्या तुकडीला क्वीनी मिळाली, तेव्हा मी चॅपलमध्ये गुडघे टेकून देवाचे आभार मानले. आता त्या देवाचं मला तोंड बघायचं नाही.

त्याची जागा शेपटीत होती. बाकीचे सहा पुढे, एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात, आणि हा पार मागच्या टोकाला काचेच्या खुराड्यात, बंदुका धरून, त्यांच्याकडे पाठ करून. थंडीनं भुवयांवर बर्फ धरायचा. एकदा माझ्याबरोबर बटाटे सोलताना म्हणाला, "हिल्डे, रॉस मधूनमधून विचारतो, क्लिफ, जागा आहेस ना? तेवढाच माणसाचा आवाज." रॉस म्हणजे त्यांचा ऑस्ट्रेलियन वैमानिक. लगेच त्याला वाटलं असेल की मी रडेन, म्हणून म्हणाला, "आणि त्या रॉसला तू मऊ अंडं वाढतेस, सख्ख्या भावाला करपलेलं. सगळं कळतं मला." उड्डाणावर जाणाऱ्यांना इथं खरं अंडं मिळतं, पुडीतली अंड्याची भुकटी नाही. "तू नाही आलास तर तुझं अंडं मी खाणार हं," असं ते एकमेकांना म्हणायचे आणि फिदीफिदी हसायचे. मी उलथनं उगारायची.

बर्लिनहून येताना जर्मन विमानानं त्यांना मागून गाठलं. रॉस विचारत राहिला, क्लिफ, जागा आहेस ना? त्याला वाटलं, बोलण्याची तार तुटली असेल. समुद्र ओलांडेपर्यंत विचारत होता. सगळे परत आले, क्वीनीनं आपलं नाव राखलं. तिला नवी शेपटी बसवलीय, आज तिथला नवा गनर माझ्यासमोर बसून जेवला. बूथनं नाकाडावर अजून एक पिवळा बॉम्ब रंगवलाय. मला त्या विमानाकडे बघवत नाही. सहाजण जिवंत आणल्याबद्दल तिचे उपकार मानायला हवेत, पण मन एवढं मोठं होत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. काल तुझा निरोप मिळाला की आईनं पुढची खोली धुऊन काढलीय, चादरीला इस्त्री केलीय आणि शेजारच्या लोमसना पेचकस घेऊन बोलावलंय. आख्ख्या गल्लीतल्या मेलेल्यांना तिनंच न्हाऊ घातलं, बाबांनासुद्धा, मग पोटच्या पोराला ती कशी सोडेल? एडना, तिला पेटी उघडू देऊ नकोस. तिच्या हाताला लागेल असा तो उरलेला नाही. वजनासाठी आत वाळू आहे. सांग की सरकारी मनाई आहे, लोमसना आधीच गाठ, पेटीवर बसून राहा हवं तर. आणि ती म्हणाली की माझ्या लेकराला आंघोळ तरी घालू दे, तर सांग, घातली आहे. क्वीनी परतली त्या सकाळी बूथ बादल्या घेऊन आमच्या दारात आला आणि गरम पाणी मागितलं. मी हसले, म्हटलं, आज क्वीनीला न्हाऊ घालताय वाटतं. त्यानं बादल्या पुढे केल्या. त्याचे हात भाजू नयेत म्हणून मी थंड पाणी मिसळून कोमट करून दिलं. तो पुन्हा आला तेव्हा मी रिकाम्या बादलीच्या तळाशी लाल ओघळ पाहिले आणि मला कळलं, तो शेपटी धूत होता. तीही मीच भरून दिली. आईला सांग, पाणी परक्यानं नाही, त्याच्या बहिणीनं तापवलं होतं.

तुझीच,
हिल्डा