पाच अमर व्यवसाय

ता. ४, सोमवार

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. रागात आहे, पण थोरल्या बहिणीला आशीर्वाद आवरता येत नाहीत, म्हणून पहिल्याच ओळीत देऊन मोकळी होते.

कुलपं दुरुस्त करणं हा काय रोग आहे का रे? तुझं पत्र मी दुकानात उभ्याउभ्या फोडलं. वर लिहिलंस, ताई, आधी खाली बस. मला वाटलं कोणी गेलं. दोन गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून बसले आणि वाचलं. तर काय, म्हणे शाळेत नवं यंत्र आलंय. मुलांनी पुढे कोण व्हायचं ते आता ते सांगणार. मोठ्या बाईंनी नमुना म्हणून पहिलं तुलाच त्याच्यापुढे बसवलं. तू एकशेवीस प्रश्नांची खरी उत्तरं दिलीस, कारण खोटं तुला सुचत नाही. आणि यंत्राने छापून दिलं की तुम्ही कुलूप-किल्लीचं काम करा, एक्क्याण्णव टक्के. दुसऱ्या नंबरला दीपगृहाचा रखवालदार. समुद्र तुमच्याकडून दोन दिवसांवर आहे, तेव्हा ते सोडून देऊ. पण पहिलं वाचून स्टाफरूम हसली आणि तू दोन दिवस नीट जेवला नाहीस, हे मला लिहून कळवायची तुझी छाती कशी झाली? त्याच कुलपांवर तू पंधरावी केलीस.

तुला आठवत नसेल, मला आठवतंय. तू सहाचा, मी दहाची. बाबांनी एक अडकलेलं कुलूप आपल्यापुढे ठेवलं. मी वाकड्या खिळ्याने उघडलं. तू किल्ली तोंडात घातलीस. बाबा म्हणाले, याला हात नाहीत, याला शाळेत घाला, आणि हिला हात आहेत, हिची शाळा पुरे. दोघांचं करिअर मार्गदर्शन अर्ध्या मिनिटात उरकलं. तू तेच काम शाळेत बावीस वर्षं करतोयस, फायली भरून.

आणि तुझं ते पत्रक! 'पाच अमर व्यवसाय'. शाळेच्या खर्चाने छापलंस आणि मला शंभर प्रती पाठवल्यास, गिऱ्हाइकांच्या मुलांना वाटायला. कुलूपवाली त्यात नव्हती. मी त्यावर कानस पुसते. अजून अर्धा गठ्ठा शिल्लक आहे.

आता शाळावाले तुला महिनाअखेर घरी पाठवणार, नाहीतर यंत्राच्या शेजारी उभं राहून त्यात कागद घालायचं काम देणार म्हणतोस. काय ठरवलंस ते लिही. फोन करू नकोस. फोनवर मी ओरडते आणि तू ठेवून देतोस. पत्र ठेवलं तरी तिथेच बसून राहतं.

लोभ आहे, पण या आठवड्यात जरा कमी आहे.

ताई

&nbsp;

ता. ७, गुरुवार

ती. ताईस,

सा. न. वि. वि. यातला साष्टांग या वेळी अक्षरशः घातला आहे असं समजावं.

तुझा राग योग्यच आहे. फक्त एक खुलासा करतो. स्टाफरूम कुलपांना हसली नाही, मला हसली. मागच्या वर्षी माझं स्वतःचं कपाट मला उघडेना, तेव्हा रसायनाच्या बाईंनी ते एका हाताने उघडून दिलं होतं, दुसऱ्या हातात चहा होता. ते सर्वांच्या लक्षात आहे.

पत्रकाबद्दलही मान्य. काल ते काढून पुन्हा वाचलं. टंकलेखक, फोटो धुणारा, प्रवासाची तिकिटं काढून देणारा, कचेरीत फोन जोडून देणारी आणि करिअर मार्गदर्शक. पहिले तिघे कधीच गेले. चौथी आपल्याच घरात आहे. हिच्या कचेरीत दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेला आवाज आला आणि तेव्हापासून ही घरी शब्दकोडी सोडवते, तीही शाईने. पाचव्याचं तुला ठाऊकच आहे. ज्या मुलाला मी केक करण्याच्या नादी लागू नकोस असं लेखी दिलं होतं, तो परवा बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून आला. माझ्याशी फार आदराने बोलला. तो काही विसरला असता तर मला बरं वाटलं असतं.

यंत्रात कागद घालण्याच्या जागेबद्दल मला ३० तारखेपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. माझं मन तयार होत नाही. मुलांना पुढचा रस्ता दाखवायचा म्हणून मी रुजू झालो होतो, आता कागद संपला की यंत्र शीळ घालणार आणि मी धावणार.

म्हणून विनंती अशी, की मला तुझा विद्यार्थी करून घे. पूर्वतयारी म्हणून मी सहा सत्रांचा अभ्यासक्रम आखला आहे, सोबत जोडतो. पहिल्या सत्रात कुलपाचा इतिहास, दुसऱ्यात सुरक्षिततेचं तत्त्वज्ञान. प्रत्यक्ष कुलूप चौथ्या सत्रात हाती घ्यावं असं वाटतं. प्रवेशपरीक्षा असते का, आणि हजेरीचा नियम काय, तेवढं कळव.

तुझा लोभ उरला असेल तेवढा राखून ठेवावा.

धाकटा

&nbsp;

ता. ११, सोमवार

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. पूर्ण दिलेत, मोजून घे.

अभ्यासक्रम मिळाला. टेबलाचा एक पाय आखूड होता, आता टेबल हलत नाही. तेवढा त्याचा उपयोग झाला, तेव्हा तुझी मेहनत फुकट गेली असं मी म्हणणार नाही.

सोबत पार्सल आहे. त्यात तीन कुलपं, एक छोटी कानस आणि चार कोऱ्या किल्ल्या. सत्र पहिलं ते सहावं, सगळं त्यातच आहे. किल्ली आत घालून जोर करायचा नाही. हळू फिरवायची, जिथे अडते तिथे थांबायचं, बाहेर काढून बघायची, कुठे खरचटलंय तिथे घासायची, परत घालायची. यात तत्त्वज्ञान दिसलं तर आपल्यापाशीच ठेव. आणि हे मी जाड अक्षरात लिहिते आहे, घरातल्या दारांना हात लावायचा नाही. प्रवेशपरीक्षा हीच. आठ दिवसांत एक तरी कुलूप उघडून दाखव.

माझ्याकडे गिऱ्हाइकं काय आणतात ते ऐक. परवा एक बाई कुलूप घेऊन आली, त्याला भोकच नाही. मी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. ती म्हणाली, ते फोनने उघडतं. मी म्हटलं, मग फोनवाल्याकडे जा. ती गेली. गेली ते ठीक, पण तशाच आणखी दोघी आल्या. मग चौकापलीकडच्या नव्या इमारतीचा व्यवस्थापक आला. साठ दारं आहेत, सगळ्यांना आकडे दाबायची कुलपं, आणि वर्षभर ती सांभाळायला त्याला इथला माणूस हवाय. बाबांच्या वेळेपासून दुकान आहे म्हणून आधी माझ्याकडे आला. २९ तारखेला, शुक्रवारी, उत्तर न्यायला येतो म्हणाला. जाताना एक पुस्तिका ठेवून गेला, एकशे बारा पानांची. वाचते आहे.

वहीत तारीख घाल, कुलूप कितव्या दिवशी उघडलं त्याची.

लोभ आहे. उघडलंस तर वाढेल.

ताई

&nbsp;

ता. १८, सोमवार

ती. ताईस,

सा. न. वि. वि. खालील प्रगती-अहवाल मोठ्या मनाने वाचावा.

पहिला दिवस: कुलपांचं निरीक्षण केलं, आकृत्या काढल्या. दुसरा दिवस: किल्ली घासली. ती छान झाली, पण कुलपाच्या मानाने बारीक झाली. तिसरा दिवस: दुसरी किल्ली घासली. अंगठाही थोडा घासला. चौथा दिवस: एक कुलूप उघडलं. मात्र ते पार्सलमधून आलं तेव्हाच उघडं होतं, असं हिने निदर्शनास आणलं. पाचवा दिवस: कुलूप माझं काही ऐकेना, म्हणून सरावासाठी अधिक सोप्या रचनेकडे वळलो.

ही सोपी रचना म्हणजे दाराचं लॅच. तू जाड अक्षरात लिहिलं होतंस हे मी विसरलो नव्हतो. पण ते न्हाणीघराचं दार आहे आणि माझ्या मते ते घरातल्या दारांत मुख्य नाही. रविवारी सकाळी प्रात्यक्षिक चालू असताना एका सहाध्यायीस तीन तास आत राहावं लागलं. तिची प्रकृती उत्तम आहे. दार शेवटी उघडलं, मात्र ते माझ्याकडून नव्हे.

थोडक्यात, मी नापास झालो आहे. बाबांचं निदान बरोबर होतं. ३० तारखेला, शनिवारी, मोठ्या बाईंना होकार देऊन टाकतो. कागद घालायला फारसे हात लागत नाहीत.

लोभ कमी झाला तरी पत्रं थांबवू नयेत.

धाकटा

&nbsp;

ता. १८, सोमवार

ती. ताईंना,

सा. न. वि. वि. यांनी पत्रात कोणा सहाध्यायीचं लिहिलं असेल, तर ती मी.

यांनी पाकिटात काय लिहिलंय ते मला वाचून दाखवलं नाही, म्हणून मी माझं वेगळं टाकते. मी केस धुवायला आत गेले आणि दार ओढून घेतलं. बाहेरची मूठ यांनी काढून जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवली होती, आतली माझ्या हातात आली. हाक मारली तर हे म्हणाले, घाबरू नकोस, मी अभ्यास करतोय. तेव्हाच घाबरले.

पण ताई, खरं सांगते, नंतर भीती वाटली नाही. हे स्टूल घेऊन दाराशी बसले. मला विचारलं, लहानपणी तुला कोण व्हायचं होतं. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, घड्याळं दुरुस्त करणारी. मग यांना आठवलं की लॅच आणलं तेव्हाचा माहितीचा कागद यांनी जपून ठेवलाय. हे असले सगळे कागद जपतात. तो परक्या भाषेतला, मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद यांनी बाहेरून मोठ्याने वाचला, आपल्या भाषेत करून. कुठलं भोक, कुठली जीभ, कुठे दाबायचं. मी केसातला आकडा वाकवला आणि यांनी सांगितलं तसा फिरवला. चौथ्या खेपेला दार उघडलं.

मग आलेच आहे बाहेर तर, म्हणून तुमची उरलेली दोन्ही कुलपं उघडली. दुपारच्या जेवणाआधी झाली. यांना सांगितलेलं नाही, आधीच तोंड एवढंसं झालंय. यांना फार बोलू नका. ते वाचून दाखवत होते ना, तेव्हा मला फार बरं वाटत होतं.

लोभ असू द्यावा, यांच्यावर थोडा जास्त.

भावजय

&nbsp;

ता. २२, शुक्रवार

चि. धाकट्यास आणि त्याच्या सहाध्यायीस,

अ. उ. आ. दोघांत मिळून एकच देते आहे, भांडू नका.

दोन्ही पाकिटं एकाच टपालाने आली. आधी धाकट्याचं वाचलं आणि शेजारच्या शिंप्याला ऐकू जाईल एवढी ओरडले. मग भावजयीचं वाचलं आणि दुकान अर्धा तास बंद ठेवलं. बाबा गेले त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

धाकट्या, तू महामूर्ख आहेस आणि तुझ्या मोठ्या बाई तुझ्याहून. एका बाईला तीन तास कोंडून ठेवलंस आणि ती बाहेर येऊन म्हणते की मला बरं वाटत होतं. माझ्या दुकानात रोज माणसं येतात, कोणी घराबाहेर अडकलेलं, कोणाचं दुधावरचं पोर आत राहिलेलं. ती रडतात आणि मी त्यांना म्हणते, रडू नका, हात हलतो माझा. बरं वाटून कोणी जात नाही. ते यंत्र बरोबरच बोललं, फक्त त्याचे नऊ टक्के चुकले. ते नऊ टक्के म्हणजे तुझे हात. ते तू खिशात ठेव.

हात मला भावजयीचे हवेत. माझी बोटं सकाळी मिटत नाहीत, हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही बोलायचं नाही. बाई, तू केसातल्या आकड्याने जे केलंस ते शिकायला मला दोन वर्षं लागली होती आणि बाबांच्या चार चापट्या. माझ्या डाव्या हाताला खिडकीजवळची जागा तुझी. तिथे बंद पडलेली सात घड्याळंही पडून आहेत, गिऱ्हाइकांनी परत नेली नाहीत.

आता पुस्तिकेचं. वाचते आहे असं लिहिलं होतं. अकरा दिवस झाले, मी पहिल्या पानावर आहे. तिथे एक चित्र आहे, ते मला पाठ झालंय. पुढे सगळी मुंगीएवढी अक्षरं, आणि ती आपली नाहीत. उगाच आव आणला. मी साठ दारांना नाही म्हटलं तर पुढच्या साठांना कोणी विचारायलाही येणार नाही, आणि मग मी भोकवाली कुलपं कुरवाळत बसणार. आपल्याला बाबांनी अर्ध्या मिनिटात वाटून टाकलं, एक हाताची, एक डोक्याचा. तेव्हा चाललं. आता हे कुलूप नुसत्या हाताला उघडत नाही, आणि नुसत्या डोक्याने काय होतं ते तुमच्या न्हाणीघरात बघितलं. तू स्टुलावर बसून वाच, ती फिरवेल, गिऱ्हाइकांशी तूच बोल आणि मी दोघांवर ओरडेन. तेवढं मला अजून जमतं.

स्टूल तुझं घेऊन ये. माझ्याकडे एकच आहे.

त्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर साठ दारांचे नंबर लिहून ठेवलेत. माझी शाळा भागाकारावर थांबली होती, आठवतंय ना. तेव्हा साठ दारं तिघांत कशी वाटायची ते येऊन मला शिकवायचं, पाटीवर, पायरी पायरीने, न हसता.

शुक्रवारी सकाळी दहाला व्यवस्थापक दारात उभा राहील. शनिवारी तुझ्या मोठ्या बाई. म्हणून मला उत्तर गुरुवारी, २८ तारखेला, दुपारच्या टपालाच्या आत हवंय. दोघांच्या सहीचं. अहवाल नको, आकृत्या नकोत, हो किंवा नाही.

लोभ किती आहे ते मी गुरुवारी दुपारी सांगेन.

ताई