लिंगत्यानचे कागद कोणाकडे

मी, शोभना मोरेश्वर देवस्थळी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, भूगोलाची निवृत्त प्राध्यापिका, राहणार श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि बऱ्यापैकी रागात लिहीत आहे. रागाने माझी बुद्धी भ्रमत नाही, उलट तेव्हाच नीट चालते. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे, गेल्या मंगळवारचे धरून, रद्द समजावीत.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक मुलगा मिहीर याला. तो सांता क्लारा सोडून इथे येणार नाही, घर विकेल. खुशाल विकावे.

२. यजमानांची सुतारकामाची हत्यारे, ती अधूनमधून उसनी नेणाऱ्या शैलेंद्रला. नेलेली वस्तू न मागता परत आणणारा दुसरा माणूस मला या गावात ठाऊक नाही.

३. मराठी मंडळाला काहीही नाही. चीनमधल्या लिंगत्यान गावावर व्याख्यान द्यायला बोलावले आणि प्रश्नोत्तरांत मंच्युरियनची कृती विचारली. तो पदार्थ चीनचा नव्हे, एवढे तरी माहीत असावे.

४. आता लिंगत्यानचे कागद. हेच कलम मला आठवडाभर बसू देत नाही.

लिंगत्यान हे फूजियान प्रांताच्या डोंगरांतले एक लहान परगण्याएवढे गाव, आजूबाजूच्या वाड्यांसकट. तीन बाजूंना चढ, चौथ्या बाजूला उथळ नदी. भाताला जमीन पुरत नाही, म्हणून पूर्वापार बांबू. आधी बांबूचा कागद करून होड्यांतून खाली पाठवत, मग कम्यूनच्या, म्हणजे सरकारी सामुदायिक शेतीच्या काळात चटया, नंतर कारखान्यासाठी चॉपस्टिक्स. मग तरुण माणसे किनाऱ्यावरच्या शहरांत गेली, बरीचशी इकडच्या हॉटेलांच्या भटारखान्यांत आली. शेवटी सरकारने लिंगत्यान शेजारच्या गावात विलीन केले आणि पाटीवरून नाव उतरवले. माझी अर्धी हयात तिथे जाण्या-येण्यात आणि ते लिहून काढण्यात गेली. सर्व मिळून सहाशे चाळीस पाने, अप्रकाशित.

विभागप्रमुख म्हणाले, भारतीय बाईने भारताबद्दल लिहावे. म्हणजे त्यांनी जगभर हिंडायचे आणि मी नाशिकला परत जायचे! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बिअट्रिस नकाशात गाव चुकले की बोटांवर पट्टी मारत. गाव कोणाचे, हे त्यांनी कधी विचारले नाही.

मंगळवारी हे कागद मी मिहीरच्या नावे केले होते. बुधवारी त्याचा फोन आला.

"आई, डोंट वरी. मी सगळं स्कॅन करून समरी काढतो. दोन पानांत मस्त बसेल."

"कोणती दोन पानं ठेवणार?"

"तसं नसतं गं. ते एआय ठरवतं."

"मग तुझ्या बारशाचे फोटोही त्यालाच निवडायला दे," म्हणून मी फोन ठेवला. मुलगा वाईट नाही. पण माझ्या पश्चात लिंगत्यान दुसऱ्यांदा पुसले जाईल, आणि या वेळी ते माझ्याच घरात.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाने खोकी तळघरात ठेवण्याची तयारी दाखवली. तळघर नको.

हे लिहिताना शेजारचे उल्हास काका समोर बसून माझा चहा पीत आहेत. त्यांना साक्षीदार म्हणून बोलावले आहे. माझ्या मागच्या अंगणातला बांबू कुंपणाखालून त्यांच्या हिरवळीत शिरतो, यावरून आमचे सहा वर्षे भांडण आहे. लिंगत्यानच्या रीतीप्रमाणे मी दर वसंतात नव्या बांबूंवर शाईने वर्ष आणि घराची खूण लिहिते, म्हणजे कोवळा कोणी तोडत नाही. काकांच्या हिरवळीतल्या बांबूंवरही मी माझीच खूण लिहिली. माझ्याविरुद्ध मुद्दा सापडावा म्हणून त्यांनी माझे सगळे बाड मागून नेले आणि गेल्या उन्हाळ्यात हातात एक पान घेऊन आले.

"शोभनाताई, हे तुम्हीच लिहून राहिल्या ना? कोंब ज्याच्या जमिनीत फुटला, बांबू त्याचा. मूळ कोणाचं, ते लिंगत्यानात कोणी विचारत नाही. मग माझ्या लॉनवरच्या बांबूवर तुमची शाई कशाला?"

तीच रीत मी तीन वृद्धांना विचारून नोंदवली होती. काका पुढे म्हणाले, "आणि चटयांचं प्रकरण घाईत उरकलंत. चटया विणणाऱ्या बायांना मजुरी कोण देत होतं, ते सांगितलंच नाही."

एकाही संपादकाला ते दिसले नव्हते.

म्हणून ठरले. लिंगत्यानचे सर्व कागद, छायाचित्रे व नकाशे उल्हास काकांना. एक ओळही गाळू नये. चुका दिसल्यास समासात लिहाव्यात, भांडणासकट. मिहीरला हवी ती प्रत मिळेल, मूळ कागद नाहीत.

मी हे मोठ्याने वाचून दाखवले.

"काय बाप्पा! मला?" कप खाली ठेवून काका म्हणाले. "आणा, सही करतो."

"तुम्हाला करता येणार नाही. ज्याला काही मिळतं, तो साक्षीदार चालत नाही. दीपावहिनीही नाहीत, त्या तुमच्या पत्नी."

"म्हणजे मी उगाच आलो?"

"समोरच्या निधीला आणि तिच्या नवऱ्याला बोलावून आणा. आणि येताना मजुरीबद्दल काय म्हणत होतात, ते नीट आठवून या. चटयांच्या प्रकरणाला पुरवणी आजच लिहायची आहे."

काका चप्पल घालून गेले. ते परत येईपर्यंत मी खुर्चीत बसले नाही.

वरील मजकूर आम्हा दोघांसमक्ष वाचला गेला व शोभनाताईंनी आमच्यादेखत, उभ्यानेच, सही केली. आम्हाला यातून काहीही मिळत नाही.

सही: शोभना मोरेश्वर देवस्थळी
साक्षीदार: १. निधी परीक्षित गोखरे २. परीक्षित गोखरे
स्थळ: श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
दिनांक: १९ ऑक्टोबर २०२४