नावाची बुडी

७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. सकाळ, मंठा

निघालो एकदाचे! साडेसहाला दारापुढं भोंगा वाजला आणि एकाहत्तराव्या वर्षी मी सहलीच्या पोरासारखा डाव्या पायात उजवी चप्पल घालून बाहेर पळालो. दारात महेमूदची गाडी. तिला कॅरॅव्हॅन म्हणायचं, अशी त्याच्या पोराची, अतिकची, ताकीद आहे. जुनाच टेम्पो, पण पोरानं जालन्याला आपल्या गॅरेजात सगळ्या सीटा काढून आत तीन बिछाने ठोकलेत, शेगडी बसवली, पाण्याची टाकी लावली. खिडक्यांना महेमूदच्या घरच्यांनी, कमरबीभाभींनी, शिवलेले फुलाफुलांचे पडदे. पुंजाराम आधीच आत पाय पसरून बसलेला. म्हणाला, या कंट्रोलर, नवरदेवासारखं वाट बघायला लावता का लोकांना.

ही वही तृप्तीची, माझ्या नातीची. समुद्र कसा असतो ते रोज लिहून आणा, नुसतं छान होता म्हणायचं न्हाई, असं बजावून दिली आहे. तर तिच्यासाठी लिहितो. पुंजाराम माझ्यासोबत कुंभार पिंपळगावच्या शाळेत एका पट्टीवर बसायचा; पुढं तो शेतीत राहिला. महेमूद एसटीत ड्रायव्हर होता. मी मंठा स्टँडवर कंट्रोलर. चौतीस वर्षं माइकवर आष्टी, परतूर, सेलू, जिंतूर पुकारलं. आवाज अजून तसाच आहे.

चौथा आमचा दोस्त, कारभारी, तो पण यायचा होता. ऐन वेळी त्याला कापूस वेचायला बाया मिळाल्या म्हणून राहिला. बायका मिळाल्यावर मित्र कशाला लागतात, असं पुंजारामनं त्याला फोनवर सुनावलं. गोजरबाईला, म्हणजे माझ्या घरच्यांना, मी चला म्हणालो होतो. तीन म्हाताऱ्यांच्या भाकरी थापायला समुद्रावर कशाला येऊ, इथं काय चूल न्हाई का, असं म्हणाल्या. पण डब्यात धपाटे आहेत, लसणाची चटणी आहे, आणि मफलर न विसरता दिलाय.

८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ

पाहिला.

घाट उतरून, एका वळणावर सुरूच्या झाडांमधून तो दिसला. महेमूदनं गाडी थांबवली. चौथीला आमच्या गुरुजींनी फळ्यावर समुद्र काढला होता. निळा खडू नव्हता, म्हणून घरून कपड्याची नीळ आणून पाण्यात कालवली आणि फडक्यानं फासली. मग समुद्राची कविता आम्ही सुरात म्हटली, साठ पोरं, ज्यांनी गावच्या तळ्यापलीकडं पाणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फळा पुसला तरी निळा डाग राहिला तो वर्षभर. माझ्या मनात तोच समुद्र होता. आज हा बघितला आणि खरं सांगतो, आधी गुरुजींचाच आठवला.

पुंजाराम बराच वेळ बघून म्हणाला, एवढं पाणी, आणि एक एकर भिजत न्हाई. काय कामाचं!

वाडीच्या कडेला सुरूखाली मुक्काम. शेजारी एक म्हातारी सुकी मासळी वाळवते. तिची बोली निम्मीच कळते.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस तृप्तीला वाचून दाखवायचाच. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. पर्वणीला गंगेवर गेलं की पहिली बुडी आपली, मग जे आले नाहीत त्यांच्या नावाची एकेक. नाव मोठ्यानं घ्यायचं, नाक दाबायचं, बुडायचं. पुण्य त्याच्या पदरात. आई माझ्या आजोबांच्या नावानं बुडायची तेव्हा ते घरी खाटेवर बसून म्हणायचे, आज अंग हलकं झालं.

दुपारी तीनला भरती पुरी भरली. पुंजाराम धोतर खोचून शिरला, पाठोपाठ मी. त्यानं आधी सगुणाबाईचं नाव घेतलं. ती त्याची चुलती, नव्वदीची. मग ओरडला, ही बुडी कारभाऱ्याच्या नावाची, कापूस वेचणाऱ्याला तेवढंच पुण्य! हसता हसता त्याच्या नाकात पाणी गेलं. पुढच्या तीन बुड्या माझ्या. कमरबीभाभींच्या नावानं एक, कारण त्यांचे पडदे समुद्र बघून राह्यले आणि गुडघ्यांपायी त्या घरी. मग गोजरबाई. मग तृप्ती. स्टँडवर पुकारायचो तशी एकेक खणखणीत पुकारली. महेमूद वाळूत शेगडीवर चहा करत होता. वाऱ्यात त्याला काही ऐकू आलं नसावं.

बाहेर आलो तर म्हातारीनं विचारलं, किती दिलीत? पुंजाराम म्हणाला, पाच. तिनं मासळी उलटता उलटता विचारलं, घरात जड झाली होती काय? भाषा कळली न्हाई म्हणून आम्ही हसलो.

१० नोव्हेंबर, सोमवार

सगुणाबाई गेल्या. पावणेचारला. कंट्रोलरची खोड, वेळ टिपल्याशिवाय चैन पडत नाही.

पुंजारामच्या पुतण्याचा फोन होता. दुपारची झोप लागली होती, उठवायला गेले तर उशी चिंब. पुंजारामनं डोळे पुसले, समुद्रावरच अंघोळ केली. पिकलं पान, म्हणाला. आपण पोचेस्तोवर राखसुद्धा गार होईल, फिरून काय करता. दिवसभर गाडी किनाऱ्यानं पुढं नेली. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला नारळ. दोन खाड्या ओलांडल्या. तिसऱ्या वाडीत मुक्काम, आणि संध्याकाळी बघतो तर तीच मासळीवाली टोपली घेऊन. म्हणाली, लेक दिलीय इथं.

पुंजारामनं एक घास कमी खाल्ला. मी त्याला शाळेतली एक जुनी कविता म्हणून दाखवली. मधेच झोपला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

साडेचार. कारभारी.

त्याच्या सुनेनं फोनवर सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. रानात बाया वेचत होत्या, हा बांधावर बसून त्यांना टोमणे मारत होता. मधेच उभा राहिला. खोकला आला, मग तोंडातून पाणी. घागरभर. कपडे कोरडे, विहीर दोन रानं लांब. डॉक्टर म्हणाला, हा माणूस बुडालाय. सुनेनं तोंड पुसलं तर पदराला मीठ लागलं.

पुंजाराम म्हणाला, दोघांच्या नावानं मीच बुडालो होतो. दोघं म्हातारीकडं गेलो. ती मुळीच चकित झाली न्हाई. म्हणाली, ज्या क्रमानं दिलीत त्या क्रमानं जातात. एका दिवसाला एक, भरती भरली की. इथले लोक पाण्यात असताना पोटच्या पोरालासुद्धा नावानं हाक मारत न्हाईत. मी म्हणालो, बाई, आधी का न्हाई सांगितलं? म्हणाली, तुम्ही एवढ्या आनंदानं देत होतात.

तीन, पावणेचार, साडेचार. भरती रोज पाऊण तास पुढं सरकते. उद्या सव्वापाच. उद्या—

महेमूदला फक्त एवढंच सांगितलं की घरी जाऊ, मन लागत न्हाई. कमरबीभाभींचं सांगितलं न्हाई. पुंजारामनं मान खाली घातली. समुद्रापासून लांब गेलं की काही होणार न्हाई, असं आम्ही एकमेकांना समजावलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पहाटेच निघालो. घाट चढून देशावर आलो. दोन्हीकडं ऊस, वाळलेलं गवत. पाच वाजता समुद्र तीनशे किलोमीटर मागं पडलेला. महेमूद गाडी चालवता चालवता सांगत होता, कमरबी पडद्याला झालर लावायची म्हणून राह्यलीय, जल्दी या म्हणते.

सव्वापाचला अतिकचा फोन. भाभी शिलाईच्या मशिनवर बसल्या होत्या. पाय पायडलवर तसाच हलत होता म्हणे, तोंडातून पाणी कापडावर.

रस्त्याच्या कडेला बसून मी महेमूदला सगळं सांगितलं. मीच पुकारलं, प्रेमानं पुकारलं. तो मारील असं वाटलं; मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, अजून कोण बाकी आहे? मी म्हणालो, गोजर, मग तृप्ती.

तो उठला. अतिकला फोन करून म्हणाला, बेटा, अम्मीको रोको मत, दफन उरका, मी येऊ शकत न्हाई. मग गाडी वळवली. समुद्राकडं, म्हातारीला गाठायला.

रात्री ढाब्यावर गाडी लावून थोडा पडला. पडदे काढून घडी करून उशाला घेतले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी पोचलो. म्हातारी नाही, मुलीकडं गेली म्हणे, येईल. माऊलीला, माझ्या मुलाला, फोन केला: आईला दवाखान्यात ने, आत्ता ने. बाबा, तिला काही झालं न्हाई, म्हणाला. रडलो तेव्हा नेली. गोजरबाईनं फोन घेतला आणि झापलं, चांगल्या बाईला खाटेवर निजवलं, तुम्हाला ऊन लागलंय, मफलर बांधला का?

साडेपाचला छातीएवढ्या पाण्यात गेलो. स्वतःचं नाव घेतलं. रामराव. एकदा, तीनदा, सातदा. प्रत्येकदा बुडी. मला घे, मला घे.

बाहेर येऊन ओल्या हातानं फोन लावला. मी म्हणालो, कशा आहात? म्हणाल्या, कशी असणार, सलाईन लावून बसवलंय, तुम्ही कवा—

मग पाण्याचा आवाज. आधी वाटलं माझ्याकडच्या लाटा. फोन कानापासून दूर केला. लाटा वेगळ्या होत्या.

सहा.

१३ नोव्हेंबर, नंतर

म्हातारी आली. स्वतःचं नाव चालत न्हाई, म्हणाली. पाण्यात उभा असतो तो देणारा. देणारा स्वतःला देऊ शकत न्हाई.

विचारलं, सुटकाच न्हाई का? म्हणाली, समुद्र परत करत न्हाई, पण बदली घेतो. हिच्या बदल्यात तो, असं दोन्ही नावं घेऊन म्हणायचं. तिच्या दिरानं असाच मुलगा सोडवला होता, शेजारी देऊन. पुढं तोच मुलगा त्याला सांभाळत न्हाई, हे पण सांगितलं आणि हसली.

मी म्हणालो, हे सकाळी कळलं असतं तर. तिनं टोपली उचलली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ

माऊलीचा फोन. मयत अंगणात आहे, लोक विचारून राह्यलेत. मी म्हणालो, माझ्यावाचून उरका. मग म्हणाला, बसा समुद्र बघत.

तृप्ती घरीच. आज शाळेत कविता म्हणणार होती, मी शिकवलेली. फोनवर विचारलं, आजोबा, आजीच्या पोटात समुद्र कसा गेला? तुम्ही लिहिलंय का वहीत?

दुपार

माझं नाव दुसऱ्यानं घ्यायला हवं, एवढंच. पुंजारामला म्हणालो, तृप्तीच्या बदल्यात रामराव, तीनच शब्द. त्यानं कानावर हात ठेवले. एका पट्टीवर बसलेलो आपण, म्हणाला, माझ्या जिभेला किडे पडतील. पाय धरले तर मलाच उचलून बसवलं, चहा पाजला, ओल्या अंगावर स्वतःची घोंगडी टाकली. तीन दिवस झोपला न्हाई तो.

महेमूद म्हणाला, मी घेतो.

सहा वाजून दहा

महेमूद पाण्यात शिरलाय. कमरेपर्यंत. उजेड थोडाच आहे. त्याला माझा जीव घ्यायचा हक्क आहे. मनात राग असेल तर आणखी बरं, जीभ अडणार न्हाई.

मी वाळूत बसलोय. तोंडात खारट येतं का बघून राह्यलो. किती बरं वाटतंय. फळा पुसून झाल्यावर—

सहा पंचवीस

कोरडं. जीभ कोरडी.

तो तसाच उभा. ओरडलो, महेमूद, बोल! हातानं थांब म्हणतोय.

सहा बत्तीस

परत आला. म्हणाला, तीनदा तोंड उघडलं, कंट्रोलर. न्हाई झालं. कमरबी कशी गेली ते दिसतं. कुणाचंच नाव घेऊन मारणं माझ्याच्यानं होत न्हाई. माफ कर. पडद्यांत तोंड घालून रडतोय.

चांगला माणूस. त्याच्या चांगुलपणावर माझी पोर—

सहा पस्तीस. माऊलीनं फोन केला, तृप्ती खोकते आहे. जरा जरा. आजोबांना सांगा म्हणते खारट लागतंय

दहा मिनिटं. देणारा मी. नाव कुणाचं? तालुक्यातली सगळी माणसं एका दमात आठवतात. शेजारचा अप्पाराव. त्याला तीन लेकरं आहेत. दवाखान्यातली नर्स. नावच माहीत न्हाई तिचं. नावं किती सहज येतात जिभेवर, आणि प्रत्येकामागं एक दार उघडतं, आत कुणीतरी जेवायला बसलेलं—

पुंजाराम चाकाला टेकून झोपलाय. शेवटी झोप लागली. तोंड उघडं, शाळेत झोपायचा तसंच. घोंगडी माझ्या अंगावर, म्हणून पोटाशी पाय घेतलेत.

बायको गेली त्याची मागंच. पोरं पुण्याला. झोपेत आहे. झोपेतल्या माणसाला कळतसुद्धा न्हाई

घोंगडी त्याच्या अंगावर टाकली. जागा झाला न्हाई.

सहा एकेचाळीस. पाणी गुडघ्याला. वही डोक्यावर धरून—न्हाई, वही ठेवतो, आवाज खणखणीत निघाला पाहिजे. तृप्तीच्या बदल्यात पुं