पत्र्यावर न ठेवलेले दगड

बाबा,

घरामागच्या सांदवाडीत मी शेड बांधलं. भिंती झाल्या, पत्रे चढले, आता फक्त दार बसवायचं आहे आणि ते आठ दिवसांपासून भिंतीला टेकून उभं आहे. मिस्त्री दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी त्याला काहीतरी कारण काढून परत पाठवलं. एकदा म्हटलं रंग वाळू दे, एकदा म्हटलं कडी आवडली नाही. आता कडीत न आवडण्यासारखं काय असतं? पण मला स्वस्थ बसवतच नाही. गॅसवर चहा ठेवते आणि मागे एक चक्कर मारून येते. पेपर उघडते, दोन ओळी वाचते, पुन्हा मागे. जरा वारा सुटला की पत्र्यांकडे बघत उभी राहते. तुमचे जावई काल म्हणाले, "शेड बांधून राहिली का किल्ला?" तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली. तुमची एक माफी मागायची होती, ती मी तुमच्या जिवंतपणी मागितली नाही आणि नंतर मागायला तुम्ही नव्हता. ती गोष्ट मी चांगली दडपून ठेवली होती, या शेडनं ती वर काढली. म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून आले.

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढल्या वर्षी तुम्ही खाणीतून निवृत्त झालात. कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं आणि मी, तुमची एकुलती एक, तुम्हाला नि आईला आंधळगावला माझ्या घरी घेऊन आले. लेकीच्या घरी राहायचं हे काही तुमच्या पचनी पडत नव्हतं. पहिल्याच दिवशी हातपाय न धुता तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात शिरलात, कोपऱ्यातली काठी उचललीत आणि कान वर करून स्लॅबला खालून ठोकत चारही कोपरे फिरलात. मी पोळ्या लाटत होते. चुना भुरभुरून पिठात पडला. "बाबा, हे घर हाये, खाण नाही," मी करवादले. तुम्ही काठी जागेवर ठेवलीत. "आवाज चांगला हाये. ठण वाजते. झोप आता बिनघोर," म्हणालात. जसं काही त्याआधीची चार वर्षं मी घोर लावून झोपत होते!

तुमचं सगळं आयुष्य त्या एका आवाजावर गेलं. टिंबर मिस्त्री म्हणजे सुरुंग उडाल्यावर आत सगळ्यांत आधी जाणारा माणूस. लोखंडी सबलीनं डोक्यावरचा दगड ठोकायचा. ठण वाजला तर पक्का, भद वाजला तर सुटलेला. सुटलेला असेल तो पाडायचा, मग लाकडाचे टेकू उभे करायचे आणि पाचरी ठोकून छत धरायचं. खिळा नाही, तार नाही. वरून डोंगर दाबतो आणि तो दाबच लाकडाला जागच्या जागी धरून ठेवतो, हे तुम्ही मला जेवताना वाट्या-पेल्यांची खाण मांडून समजावलं होतं. मी चौथीत असेन तेव्हाची एक दुपार मला अजून तशीच दिसते. तुम्ही वेळेआधीच घरी येता. अंगावरची काळी धूळ न धुता चुलीपाशी बसता. आई भाताचं ताट समोर ठेवते, तुम्ही हात लावत नाही. तुमच्या जोडीला काम करणारे काका, ज्यांच्या घरून आम्हाला दर पौर्णिमेला खीर यायची, ते त्या दिवशी छत कोसळून गेलेले असतात. तुम्ही आईला एवढंच सांगता, "म्या वाजवलं होतं वो. ठण वाजलं होतं." आई ताट झाकून ठेवते. दुसऱ्या दिवशी तुम्ही क्वार्टरमधल्या फळीवरचे डबे, माळ्यावरचा पाटा, वरवंटा, सगळं खाली जमिनीवर आणून मांडलंत. त्यानंतर आमच्या घरात कुणाच्या डोक्यावर कसलंच ओझं उरलं नाही, आणि आई आयुष्यभर वाकून डबे उचलत राहिली.

एवढं सगळं मला माहीत होतं. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते नकळत केलं असं कुणी म्हणायला नको.

माझ्याकडे आल्यावर पंधरा दिवसांतच तुम्ही जाहीर केलंत की सांदवाडीत शेड बांधायचं. माझी सायकल, सरपण, कुदळी-फावडी सगळं पडवीत पडलेलं असायचं, ते तुम्हाला बघवत नव्हतं. खरं कारण मला कळत होतं. फुकटचं खायचं नव्हतं तुम्हाला. नाकाडोंगरीच्या ओळखीच्या माणसाकडून तुम्ही येनाची, म्हणजे ऐनाची, लाकडं आणलीत, एकेक खांब ठोकून, कान लावून पारखलात. महिनाभर सकाळ-संध्याकाळ मागून ठकठक चालायची. जाणारे-येणारे कुंपणाशी थांबून जयभीम घालायचे आणि तुम्ही हातातलं काम न थांबवता त्यांना पाचरीचं शास्त्र सांगायचात. सहा खांब, त्यांवर आडवी लाकडं, त्यांवर पत्रे, पत्र्यांवर पुन्हा लाकडाच्या बल्ल्या, आणि सगळं पाचरींनी आवळलेलं. खिळा एकही नाही. वरून हत्ती चालवला असता तरी ते छत खाली आलं नसतं. इतकं खूश मी तुम्हाला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आईनं तर मला हळूच सांगितलं, "जेवण वाढलं आता त्यायचं."

मग दगडांवरून वाजलं. आपल्याकडे पत्रा टाकला की माणूस त्यावर चार दगड ठेवतोच, दगड नसतील तर विटा, जुनं टायर, काहीही. आईनं सहज म्हटलं, "वरते गोटे ठेवून द्या, उन्हाळ्याचे दिवस हायेत." तुम्ही मान हलवलीत. मग मी म्हटलं. मी म्हटलं ते मास्तरणीच्या आवाजात, हातात खडू असल्यासारखं. तुम्ही पाचर ठोकता ठोकता थांबलात. "तीस वरस डोक्यावरचा गोटा पाडत आलो. आता आपल्याच हातानं चढवू काय?" मी म्हटलं, बाबा, तो गोटा वेगळा आणि हा वेगळा, इथं वारा असतो. तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू शाळेत पोरं शिकव माय. छत मले नको शिकवू." रागानं नाही म्हणालात. पण पलीकडे शेजारीण दोरीवर कपडे टाकत होती आणि ती हसली. तेवढं मला पुरलं.

नंतर चार-पाच दिवसांनी वैशाखातलं ते वादळ आलं. दुपार टळत होती. आधी धूळ, मग चिंचेच्या फांद्या मोडल्याचा आवाज, आणि मग एकामागून एक पत्रे सुटले. बल्ल्या खाली घरंगळल्या, पाचरी अंगणभर उडाल्या. एक पत्रा शेजाऱ्याच्या धानाच्या बांधीत, एक चिंचेत अडकलेला, एक थेट रस्त्यापलीकडे. कुणाला लागलं नाही, हे नशीब. तुमचे खांब मात्र सहाच्या सहा जागेवर, तसूभर हलले नव्हते. वारा ओसरल्यावर गाव जमलं. तुम्ही रस्त्यापलीकडून पत्रा डोक्यावर घेऊन येत होता, दोन्ही हातांनी कडा धरून, आणि मी पडवीत उभी राहून सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तीस वर्सं जमिनीखाली राहिलेल्या माणसाले वारा कुठून माहीत राहीन! चार गोटे ठेवले असते तं गावभर पत्रे येचत फिरा लागलं नसतं." लोक खदखदून हसले. तुम्हीही थोडंसं हसलात. पत्रा भिंतीला टेकवलात, हात झटकलेत आणि म्हणालात, "बरोबर हाये माय."

त्यानंतर तुम्ही हातोडी धरली नाही. अडीच वर्षं माझ्या घरी राहिलात, पण सांदवाडीत पाऊल टाकलं नाही. पुढच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचात, तोच पेपर दोनदा वाचायचात, मी शाळेतून आले की पाय आखडून वाट द्यायचात. पाहुण्यासारखे. आई एकदा म्हणाली, "त्यायले काही काम सांगत जा ना वो." मी म्हटलं, आराम करू दे त्यांना. आराम! खांबांवर मी दोडक्याचे वेल चढवले. आणि तो किस्सा मी सांगत सुटले. शाळेत मधल्या सुट्टीत, लग्नाकार्यात, जिथे तिथे. वरून हत्ती चालला असता पण खालून वारा आला, या वाक्याला हमखास हशा यायचा. एकदा सांगता सांगता मागे वळले तर तुम्ही दारात उभे होता, पाण्याचा पेला हातात घेऊन. मी गोष्ट अर्धी सोडली नाही, पुरी केली. जित्याची खोड. तुम्ही गेलात तेव्हा मला रडू आलं, सगळ्यांना येतं तसं. पण माफी मागायला हवी होती हे तेव्हासुद्धा मी स्वतःशी कबूल केलं नाही. म्हणायची, थट्टा होती.

यंदा मी निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत हे शेडचं काढलं. मी काही उंटावरून शेळ्या हाकल्या नाहीत, पाया खणताना कुदळ मारली, सिमेंट कालवलं, तळहाताला फोड आले. मिस्त्री माझाच जुना विद्यार्थी, चौथीत ज्याला साधा भागाकार जमत नव्हता तो आता नजरेनं इंच सांगतो. पत्रे चढवताना मी त्याला प्रत्येक पत्र्याला दुप्पट बोल्ट मारायला लावले. तो वैतागला. "मॅडम, इतके बोल्ट कोणी मारते काय? हेलिकॉप्टर उतरवाचं हाये काय याच्यावर?" आणि माझ्या तोंडून तोच किस्सा बाहेर पडला, इतक्या वर्षांनी, जसाच्या तसा. वाट्या-पेले, पाचरी, हत्ती, वारा. तो हसला, पण मधेच थांबला. शिडीवरूनच खाली बघत त्यानं विचारलं, "पण मॅडम, तुमी तं तिथंच होत्या. त्यायले नाही समजलं, तुमाले तं वारा समजत होता ना? मंग तुमीच काहून नाही ठेवले गोटे?"

मी म्हटलं, दूध उतू जाईल, आणि आत आले. गॅसवर काहीच नव्हतं. त्या दिवसापासून दार तसंच आहे.

त्यानं काही टोचून विचारलं नव्हतं. पण माफी मी नेहमी पडवीतल्या त्या एका वाक्याची मागायचीय असं धरून चालले होते. ते वाक्य म्हणजे खरी गोष्ट नव्हेच. वादळाच्या आदल्या दुपारी तुम्ही आत झोपला होता. मी मागच्या दारात खुर्ची टाकून वह्या तपासत होते. एक साधीशी झुळूक आली आणि शेडच्या पत्र्याची एक कड वीतभर उचलली गेली, क्षणभर तशीच राहिली आणि परत बसली. एक पाचर निसटून खाली पडली, ती पडल्याचा आवाजही मला ऐकू आला. विहिरीपाशी दगड होते. तुम्हाला हाक मारली असती तर तुम्ही उठला असता, दगड नाही तर आणखी एक पाचर मारली असती, तार बांधली असती, काहीतरी केलं असतं. मी वह्या गोळा केल्या, खुर्ची उचलली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी चहा पिताना तुम्ही विचारलंत, "कसं वाटते मंग शेड?" मी म्हटलं, मस्त.

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही, तुमच्या जावयांनाही नाही, आणि ही वही मी कुणाच्या हाती लागू देणार नाही. तुम्ही माझ्याकडे न बघता जे म्हणाला होता ना, छत मले नको शिकवू म्हणून, ते माझ्या मनात पाच दिवस खुपत होतं. मी विसरले नव्हते, बाबा. मी वाऱ्याची वाट बघत होते.